चारशे वर्षांची गाणी आणि इलेक्ट्रिक गिटार

१९७३ च्या नाताळात ब्रिटनच्या पॉप गाण्यांच्या यादीत सर्वांत वर स्लेडचं दणदणीत ख्रिसमस गाणं होतं. त्याच सुमारास त्याच यादीत एक लॅटिन गीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याचं नाव 'गौदेते'. हे गीत १५८२ साली छापलेल्या एका धार्मिक गीतसंग्रहातलं. साथीला वाद्य एकही नाही, नुसते आवाज. ते आधी दुरून ऐकू येतात, हळूहळू जवळ येतात आणि गातगातच लांब निघून जातात. गाणारा बँड होता स्टीलआय स्पॅन. या मंडळींकडे इलेक्ट्रिक गिटार होती, बेस होता, आणि सगळे त्यांना फोक-रॉक बँड म्हणत. आता चर्चच्या लॅटिनमधलं गाणं हे काही इंग्लंडच्या खेड्यातलं लोकगीत नव्हे, आणि रॉक तर नव्हेच नव्हे. तरी ते त्या बँडला शोभलं. कसं काय?

'लोकगीत अधिक रॉक बरोबर फोक-रॉक' हे समीकरण सगळीकडे सापडतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर विसंबून हे संगीत ऐकायला बसलात तर पहिल्या दहा मिनिटांत कंटाळाल. गिटार फार जोरात वाजत नाही, गायिका भावनेने कोसळत नाही, कडवी संपता संपत नाहीत. मला हे संगीत फार प्रिय आहे, आणि माझ्या मते त्याची किल्ली गाण्याच्या एका जुन्या शिस्तीत आहे. गाणाऱ्याने मागे सरायचं, गोष्टीला पुढे जाऊ द्यायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या काही विशी-बाविशीतल्या मुलामुलींनी ही शिस्त रॉक बँडच्या अंगी बाणवली. रॉकचा सगळा स्वभाव 'माझ्याकडे बघा' असा, त्यामुळे हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड होतं.

गाणी आली कुठून

या कथेत दोन संग्राहकांची नावं पुन्हा पुन्हा येतात. पहिले हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. त्यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधली ३०५ कथागीतं त्यांच्या निरनिराळ्या पाठांसकट छापली. बरंचसं काम अमेरिकेत बसून, जुन्या हस्तलिखितांवरून आणि छापील कागदांवरून. या यादीतले क्रमांक आजही चालतात. 'टॅम लिन' म्हणजे चाइल्ड ३९, 'मॅटी ग्रोव्ह्ज' म्हणजे चाइल्ड ८१.

दुसरे सेसिल शार्प. १९०३ साली सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी पाद्र्याच्या बागेत काम करणारा माळी गाणं म्हणत होता, ते शार्पनी ऐकलं आणि टिपून घेतलं. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. इंग्लंडच्या लोकगीतांचा शोध इंग्लंड नावाच्या माणसापासून सुरू व्हावा, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. पुढे शार्पनी जवळपास पाच हजार गाणी जमवली. शाळांसाठी छापताना त्यांतले चावट शब्द धुऊन काढले, ही गोष्टही विसरू नये. पण मूळ नोंदी जपून ठेवल्या गेल्या, आणि १९३० मध्ये लंडनच्या कॅमडन भागात सेसिल शार्प हाऊस उभं राहिलं. तिथलं ग्रंथालय पुढे या कथेत कामाला येणार आहे.

शार्प कागदावर स्वर लिहीत. १९०६ मध्ये पर्सी ग्रेंजर या संगीतकाराने लिंकनशरमध्ये मेणाच्या सिलिंडरवर म्हाताऱ्या गायकांचे आवाजच उतरवून घेतले. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना गाण्याची पद्धतही ऐकता आली. जोसेफ टेलर नावाच्या गायकाचा त्यातला आवाज ऐकला तर थक्क व्हायला होतं. वय झालेलं, पण ठेका सैल नाही. बारीक बारीक हरकती, आणि कुठेही रडवण्याचा प्रयत्न नाही.

ही गाणी कुणी रचली? जात्यावरच्या ओवीचा कवी कोण हे जसं कुणी विचारत नाही, तसंच इथेही. प्रत्येक गाणाऱ्याने काही गाळलं, काही घातलं. आणि जे उरलं ते भलतंच कडक.

'मॅटी ग्रोव्ह्ज' घ्या. सणाच्या दिवशी चर्चमध्ये एका सरदाराची बायको मॅटी नावाच्या साध्या तरुणाला म्हणते, आज रात्री माझ्या घरी चल, नवरा दूर गेलाय. घरचा नोकर हे ऐकतो आणि धावत, पोहत जाऊन मालकाला खबर देतो. मॅटीला जाग येते तेव्हा सरदार पलंगाच्या पायथ्याशी उभा. अंथरूण आवडलं का, म्हणून विचारतो. निःशस्त्र माणसाला मारल्याचा बोल नको म्हणून आपल्या दोन तलवारींपैकी चांगली त्याला देतो, पहिला वारही करू देतो, आणि मग ठार मारतो. बायकोला मांडीवर बसवून विचारतो, आता सांग, आमच्यापैकी कोण आवडतो? ती म्हणते, मेलेला मॅटी. तिलाही मारतो. शेवटी हुकूम सोडतो: दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण हिला वर ठेवा, ही खानदानी घरातली आहे.

गाणं इथे संपतं. कुणाची बाजू नाही, हळहळ नाही. मरणानंतरही वरचा-खालचा सुटत नाही, हे गाणं सांगतं आणि त्यावर एक शब्द बोलत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लंडनच्या नाटकात या गाण्याच्या ओळी येतात, म्हणजे वय चारशेच्या वर. हे गाणं गळा काढून गायलं तर हास्यास्पद होतं. सपाट, सरळ गायलं तर अंगावर येतं. शिस्त म्हणतो ती हीच.

गंधार नसलेली गिटार

आता थोडं स्वरांबद्दल, कारण इथे मराठी वाचक इंग्रज वाचकापेक्षा जरा पुढे आहे.

युरोपचं संगीत गेली तीनेकशे वर्षं मुख्यतः दोन स्वरमालिकांवर उभं आहे, मेजर आणि मायनर. मेजर म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. पण इंग्लंड-आयर्लंडच्या खेड्यांतल्या पुष्कळ चाली त्याहून जुन्या मालिकांवर चालतात. 'स्कारबरो फेअर' या गाण्याची प्रसिद्ध चाल डोरियन मालिकेत आहे. आपल्या हिशेबात काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' ही आयरिश चाल मिक्सोलिडियन, म्हणजे खमाजचे स्वर, फक्त निषाद कोमल. राग म्हणत नाहीये मी, नुसता थाट. चलन वेगळंच.

आपल्याला यात काही खटकत नाही. गिटारवर मेजर आणि मायनरचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, शिकलेल्या मुलाला मात्र खटकतं. शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ लावतो, आणि पाश्चात्त्य कॉर्डांची बरीच व्यवस्था त्या ओढीवर चालते. निषाद कोमल झाला की ती ओढ ढिली पडते. नेहमीचे कॉर्ड लावले तर जुनी चाल एकदम शाळेतल्या प्रार्थनेसारखी वाजू लागते. मग साथ करायची कशी?

एक उत्तर डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने दिलं. वडील स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे, आई गयानाची, आणि मुलगा लंडनच्या गल्ल्यांतून थेट मोरोक्कोला भटकून आलेला. तिथल्या ऊद या अरबी तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या: डी, ए, डी, जी, ए, डी. डी हा षड्ज धरला तर सहा मोकळ्या तारा होतात सा, प, सा, म, प, सा. गंधार नाहीच! आणि मेजर की मायनर हे तर गंधारावरूनच ठरतं. म्हणजे गिटार कुठल्याच बाजूला झुकत नाही, नुसती षड्ज-पंचम धरून राहते, आणि वरची चाल आपल्या वाटेने जाते. तंबोऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ग्रॅहमने 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' याच तारांवर वाजवलं, अगदी आलापासारखं सुरू करून. १९६४ मध्ये त्याने आणि गायिका शर्ली कॉलिन्सने मिळून केलेला अल्बम हे या सगळ्या चळवळीचं एक उगमस्थान मानलं जातं. जॅझ, अरबी, भारतीय असं सगळं बोटांत असलेला तो, आणि शेजारी ससेक्सच्या खेड्यातल्या पद्धतीने सरळ गाणारी ती. दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासारखं व्हायचा प्रयत्न करत नाही.

क्लब, नियम आणि नियम मोडणारे

१९५० च्या मध्यावर ब्रिटनमधल्या मुलांना स्किफल नावाच्या प्रकाराने वेड लावलं. स्वस्त गिटार, कपडे धुवायची पत्र्याची फळी, आणि लॉनी डोनेगनच्या मागोमाग अमेरिकन कैद्यांची, रेल्वेची गाणी. युअन मॅकॉल या डाव्या विचारांच्या गायक-नाटककाराला हे बघवेना. त्याने आपल्या लोकगीतांच्या क्लबात नियम केला की प्रत्येकाने आपल्या मुलखाची, आपल्या बोलीतली गाणी गावीत. (मॅकॉल स्वतः मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये जिमी मिलर या नावाने जन्मला होता. आईवडील स्कॉटिश, म्हणून नाव आणि बोली स्कॉटिश. असो.) नियम कडक होता, त्याची टिंगलही झाली. पण त्याचा एक परिणाम असा झाला की गाणी शोधायला मुलं जुन्या संग्रहांकडे वळली.

साठच्या दशकात लंडनच्या सोहो भागात, ग्रीक स्ट्रीटवरच्या एका तळघरात 'ले कझँ' नावाचा क्लब रात्रभर चाले. तिथे नियम फारसे नव्हते. बर्ट जान्श, जॉन रेनबर्न, डेव्ही ग्रॅहम असे गिटारवाले तिथे वाजवत. मार्टिन कार्थी लंडनमधल्या क्लबांतून गात असे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात बॉब डिलन लंडनला आला, त्याने कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' ऐकलं आणि त्यावरून स्वतःचं गाणं रचलं. नंतर पॉल सायमननेही ते कार्थीकडूनच उचललं आणि १९६६ मध्ये जगभर नेलं. कार्थीच्या मनात याची अढी बरीच वर्षं होती. २००० साली दोघांनी लंडनमध्ये एका मंचावर ते गाणं एकत्र म्हटलं तेव्हा ती सुटली.

आणि अ‍ॅन ब्रिग्ज. नॉटिंगहॅमशरची ही मुलगी साथीशिवाय गाई, क्लबांतून उगवे आणि गायब होई. रेकॉर्डिंगचा तिला कंटाळा, स्वतःचा आवाज ऐकायला आवडत नसे. 'ब्लॅकवॉटरसाइड' हे गाणं तिने बर्ट जान्शला शिकवलं, जान्शने त्याला गिटारची साथ बसवली, आणि ती साथ लेड झेपलिन या रॉक बँडच्या जिमी पेजपर्यंत पोचली. १९७३ नंतर तिने गाणं जवळजवळ सोडून दिलं. मागे इतकं थोडं ठेवून इतक्या लोकांवर छाप पाडलेली दुसरी गायिका मला आठवत नाही. गायिका सँडी डेनीने (ती पुढे भेटेलच) तिच्यावर एक गाणं लिहिलं, त्यात असूया आणि प्रेम दोन्ही आहे.

१९६९

उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागात 'फेअरपोर्ट' नावाचं एक घर होतं. गिटारवादक सायमन निकोलच्या वडिलांचा दवाखाना पूर्वी तिथे असे. बेस वाजवणाऱ्या अ‍ॅशली हचिंग्जने तिथे खोली घेतली आणि पोरं सराव करू लागली, म्हणून बँडचं नाव फेअरपोर्ट कन्व्हेन्शन. १९६७ च्या मे महिन्यात पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा ते वाजवत अमेरिकन गाणी: डिलन, जोनी मिचेल, कॅलिफोर्नियाचा वारा. रिचर्ड थॉम्पसन गिटारवर, वय अठरा. त्यांना हेरलं जो बॉइड या अमेरिकन निर्मात्याने.

१९६८ मध्ये सँडी डेनी त्यांच्यात आली. ती क्लबांत वाढलेली, थोडे दिवस परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, मग आर्ट कॉलेजात रमलेली. तिच्या पोतडीत जुनी गाणी होती. कार्यक्रमाआधी ड्रेसिंग रूममध्ये सँडी ती गाणी गात बसे, बाकीचे मागे हळूच वाजवू लागत. त्यांतलंच एक 'अ सेलर्स लाइफ', खलाशी प्रियकराला शोधत समुद्रावर निघालेल्या मुलीचं. १९६९ च्या सुरुवातीला ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं, अकरा मिनिटं, व्हायोलिनवर पाहुणा म्हणून डेव्ह स्वॉरब्रिक. सुरुवातीला ताल जवळजवळ नाहीच. मार्टिन लँबल झांजांवर आणि ड्रम्सवर नुसती लाट उठवत राहतो, सँडी लय न धरता गोष्ट सांगते, आणि मुलगी मेल्यावर, शब्द संपल्यावर, गिटार आणि व्हायोलिन एकमेकांवर धावून जातात. रॉक बँडने इथे काय केलं ते लक्ष देऊन ऐका. गाणं चालू असताना बँड तिच्या पायात येत नाही. जे काही बोलायचं ते गोष्ट संपल्यावर.

हे गाणं ज्या अल्बमवर आहे, त्या 'अनहाफब्रिकिंग'च्या ब्रिटिश मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. विम्बल्डनमधल्या आपल्या घराच्या कुंपणापाशी सँडीचे आईवडील उभे आहेत, आणि मागे जाळीतून पोरं दिसतात. हा अल्बम जुलैत आला. लँबलला तो बघायला मिळाला नाही. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमहून कार्यक्रम करून परतताना एम-१ महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. लँबल गेला, एकोणीस वर्षांचा होता. थॉम्पसनची मैत्रीण, कपड्यांची डिझायनर जीनी फ्रँकलिन, तीही गेली. सँडी त्या व्हॅनमध्ये नव्हती.

बँड मोडायच्या बेतात होता. बॉइडने त्यांच्यासाठी विंचेस्टरजवळ फार्ली चेंबरलेन या खेड्यात एक मोठं जुनं घर भाड्याने घेतलं. उन्हाळाभर ते तिथे राहिले. स्वॉरब्रिक आता कायमचा आला, डान्स बँडमधून आलेला डेव्ह मॅटॅक्स ड्रम्सवर बसला. त्याला लोकगीतांतलं काही ठाऊक नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच त्याने रॉकची नेहमीची ठोकाठोक न करता जागा सोडून, जड पावलांनी चालणारा ठेका शोधला. जुनी गाणी अमेरिकन रॉकच्या चालीने पळवायची नाहीत, हे त्या ठेक्यामुळे ठरलं. हचिंग्ज सेसिल शार्प हाऊसमध्ये जाऊन पोथ्या धुंडाळू लागला. यामागे एक टोचणीही होती. १९६८ मध्ये 'द बँड' या गटाचा पहिला अल्बम अमेरिकेतून आला होता. तो इतका अस्सल अमेरिकन होता की या लंडनच्या मुलांना आपलं नकली अमेरिकनपण उघडं पडल्यासारखं वाटलं. त्यांना त्यांचं असेल, तर आपलं काय?

डिसेंबर १९६९ मध्ये आलेला 'लीज अँड लीफ' हे त्याचं उत्तर. 'मॅटी ग्रोव्ह्ज' त्यात आहे. मौज अशी की त्याची चाल अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतल्या एका गाण्याची आहे. इंग्लंडमधून स्थलांतरितांबरोबर गेलेली गाणी तिकडे टिकली होती. शार्प स्वतः पहिल्या महायुद्धाच्या काळात तिकडे गाणी गोळा करायला गेले होते. म्हणजे 'शुद्ध आपलं' शोधायला निघालेल्या मंडळींनी चाल उचलली ती समुद्रापलीकडून परतलेली. मला हे फार आवडतं.

अल्बमचा कळस मात्र 'टॅम लिन'. स्कॉटलंडमधल्या कार्टरहॉच्या रानात जाऊ नको असं सांगितलेलं असताना जॅनेट जाते, गुलाब खुडते, आणि टॅम लिन पुढे उभा राहतो. तिला दिवस जातात. तो माणूस आहे, पऱ्यांच्या राणीने पळवलेला. हॅलोविनच्या रात्री पऱ्यांची स्वारी निघेल तेव्हा मला घोड्यावरून खाली ओढ आणि घट्ट धरून ठेव, म्हणतो. ती धरते. तो तिच्या मिठीत साप होतो, सिंह होतो, ती सोडत नाही. शेवटी राणी चरफडते. सात मिनिटं बँड एकच करकरीत तुकडा पुन्हा पुन्हा आपटत राहतो आणि सँडी त्यावरून शांतपणे चालत जाते. इलेक्ट्रिक गिटार इथे शोभेला नाही. ती धमकी आहे, आणि ती नसती तर राणीची भीती वाटली नसती. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या लोकसंगीत पुरस्कारांत या अल्बमला आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून निवडलं गेलं.

आणि तो यायच्या आधीच बँड फुटला होता! सँडीला स्वतःची गाणी गायची होती, हचिंग्जला आणखी खोल जुन्यात शिरायचं होतं. ती फॉदरिंगे या नव्या गटाकडे गेली, त्याने स्टीलआय स्पॅन काढला.

आवाज

सँडी डेनीबद्दल लिहायला बसलं की थांबायचं कुठे कळत नाही. तिचा आवाज श्वासाइतका बारीक सुरू होतो आणि त्याच ओळीत, कुठे जोर लावला ते न कळता, भरून येतो. विशीच्या आसपास तिने 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' लिहिलं. थंडीच्या चाहुलीने उडून जाणारे पक्षी, आणि वेळ जाते कुठे हा साधा प्रश्न. जूडी कॉलिन्सने १९६८ मध्येच ते गायलं, पुढे नीना सिमोननेही. १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका म्हणून निवडलं. १९७१ मध्ये लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमवर ती रॉबर्ट प्लँटबरोबर गायली. त्या बँडच्या अल्बमवर पाहुणा गायक म्हणून आलेली ती एकटीच. अल्बमच्या आतल्या पाकिटावर सदस्यांना चिन्हं होती, तिलाही एक दिलं.

तरी तिचे स्वतःचे अल्बम खपले नाहीत. १९७७ चा शेवटचा तर तंतुवाद्यांच्या ताफ्यात बुडवलेला आहे. ज्या गायिकेला मागे उभं राहणं इतकं सुंदर जमत होतं, तिला पुढे ढकलून सजवण्यात काय मिळवलं, असा प्रश्न मला तो ऐकताना पडतो. दारू वाढली होती. जिन्यावरून पडल्याच्या जखमेनंतर काही आठवड्यांनी, २१ एप्रिल १९७८ ला ती गेली. वय ३१.

शर्ली कॉलिन्सचा आवाज याच्या उलट टोकाचा. चढ-उतार नाहीत, कंप नाही, ससेक्सच्या मातीचा रंग. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती गातेय की वाचतेय असं वाटेल. १९७१ च्या 'नो रोझेस' मध्ये तिच्याभोवती वीसहून जास्त वादक जमवले होते (तिचा तेव्हाचा नवरा तोच अ‍ॅशली हचिंग्ज), आणि ती त्या गर्दीत तसूभर हलत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी संसार मोडला आणि पाठोपाठ गळ्याने दगा दिला. डिस्फोनिया या आवाजाच्या विकाराने आवाजच फुटेना. ती गाण्यातून गेली. २०१६ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ससेक्समधल्या आपल्या घरीच ध्वनिमुद्रण करून तिने 'लोडस्टार' काढला. आवाज खाली उतरलेला, खरखरीत, आणि शिस्त तीच.

पेंटँगलची जॅकी मॅक्शी, स्टीलआयची मॅडी प्रायर, दोघी जास्त उजळ गातात. पेंटँगल हा जान्श आणि रेनबर्नचा बँड, खरं तर फोक-जॅझ. १९६९ चं त्यांचं 'लाइट फ्लाइट' बीबीसीच्या एका मालिकेचं शीर्षकगीत होतं, आणि त्यात पाच-सात मात्रांचे हिशेब आहेत. रूपक तालाची सवय असलेल्याला बरं वाटेल. त्यांच्या 'हाऊस कार्पेंटर' मध्ये रेनबर्न सतार वाजवतो. मला ती तिथे उपरी वाटते, शेजारचा बॅन्जो जास्त खरा बोलतो.

निक ड्रेक या गायक-गिटारवादकाला या यादीत घालावं की नाही यावर वाद आहे. तो जुनी गाणी गात नसे. पण निर्माता बॉइडच, पहिल्या अल्बमवर गिटारला रिचर्ड थॉम्पसन, बेसला पेंटँगलचा डॅनी थॉम्पसन. तीन अल्बम, कुणी फारसे घेतले नाहीत, आणि १९७४ मध्ये २६ व्या वर्षी मृत्यू. त्याचा जन्म १९४८ चा, रंगूनचा, कारण वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनियर होते. मुंबईत स्थापन झालेली ही सागवानाची कंपनी. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या दरबाराने हिलाच दंड ठोठावला, इंग्रजांनी ते निमित्त करून युद्ध केलं आणि थिबा राजाला धरून रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसपासून ड्रेकच्या शेवटच्या अल्बमपर्यंत, 'पिंक मून' पर्यंत, असा एक धागा जातो, आणि तो ओढून बघायचा मोह आवरत नाही.

पुढे

पंक हा नवा, आक्रमक रॉक आला आणि हे सगळं एकदम जुनाट ठरलं. ऑगस्ट १९७९ मध्ये फेअरपोर्टने ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी या खेड्यात निरोपाचा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी लोक पुन्हा जमले, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि निरोपाचा वार्षिक उत्सव झाला. शेतात तंबू, बिअर, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून थॉम्पसनचं 'मीट ऑन द लेज'. स्वॉरब्रिकचा किस्सा तर तिथे सगळ्यांना पाठ. १९९९ मध्ये तो कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात असताना 'डेली टेलिग्राफ'ने त्याचा मृत्युलेख छापला. कॉव्हेंट्रीत मरायची ही आपली काही पहिली वेळ नाही, असं तो म्हणाला, आणि पुढे सतरा वर्षं जगला.

गाणीही बदलत राहिली. शीला चंद्रा ही भारतीय वंशाची लंडनची गायिका १९९० च्या दशकात ब्रिटिश लोकगीतं आणि भारतीय गायकी एका षड्जावर गाऊ लागली, कुठेही जोड दिसू न देता. २००७ च्या 'इमॅजिन्ड व्हिलेज' या प्रकल्पात ती होती, मार्टिन कार्थी होता, जॉनी कल्सीचा ढोल होता. आणि कवी बेंजामिन झेफनाया यांनी 'टॅम लिन' नव्याने सांगितलं होतं. मुलगी त्याला नाइटक्लबात भेटते, तो आश्रय मागायला आलेला परदेशी आहे, आणि घट्ट धरून ठेवायचं आहे ते निर्वासितांच्या सुनावणीत.

ऐकायला सुरुवात करायची तर 'मॅटी ग्रोव्ह्ज' पासून करा, गोष्ट वर दिलीच आहे. मग 'अ सेलर्स लाइफ', अर्ध्यात न थांबवता. 'टॅम लिन' शब्द समोर ठेवून, निदान पहिल्यांदा तरी. अ‍ॅन ब्रिग्जची साथीशिवायची दोन-तीन गाणी एका बैठकीला पुरेत. शर्ली कॉलिन्सचा 'नो रोझेस' आधी आणि 'लोडस्टार' नंतर. 'गौदेते'साठी हेडफोन लावा, नाहीतर सुरुवातीचा अर्धा मिनिट काहीच वाजत नाहीये असं वाटून तुम्ही आवाज वाढवाल आणि शेजारी दार ठोठावतील.